काळी संपली की थांबा

२ मे

टँकर आला. अर्धा! उरलेला अर्धा कुठे सांडला ते ड्रायव्हरला आणि देवाला माहीत. भर उन्हात रांग मोडली आणि दोन घागरींवरून मी माझ्याच चुलत जावेशी अशी भांडले की तिच्या माहेरापर्यंत जाऊन आले. संध्याकाळी विरजण संपलं म्हणून तिच्याकडेच गेले. दिलं तिनं. 'उद्या लवकर ये रांगेत,' एवढंच म्हणाली.

बेजार झाले. दरवर्षी हेच. होळी झाली की गावाची विहीर तळ गाठते, मग टँकर, मग भांडणं. ही विहीर तळ्याच्या पोटातच आहे, मोटार लावून तिचं पाणी वर गावाच्या टाकीत येतं. तळं आटलं की गाव आटलं. आणि तळ्यात आहे काय? गाळ! पाऊस कितीही पडो, पाणी ठेवायला जागाच नाही.

५ मे

ग्रामसभा झाली. तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. पाणलोट समितीला अध्यक्ष कोण? बाई पाहिजे — म्हणजे कागदावर पाहिजे. सरपंच अमृतराव सगळ्यांकडे बघून म्हणाले, 'हणमंताच्या राजकन्याबाईला करा. बारावी शिकल्यात. सही लई झाक हाय.'

म्हणजे माझी लायकी काय, तर सही! सगळे हसले. आमचे हणमंतरावही हसले. (घरी आल्यावर त्यांना चहा मिळाला नाही.)

मलाही काय अवदसा आठवली — उठून उभी राहिले आणि म्हणाले, 'अध्यक्ष करताय ना? मग ऐका. पुढच्या होळीपर्यंत तळ्यात पाणी ठेवून दाखवते. नाही राहिलं तर मला विचारा.' बोलून बसले. आता निस्तरा.

तळ्याच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधापलीकडच्या उताराच्या वस्तीवरचं कुणी सभेला आलं नव्हतं. त्यांना निरोप गेला होता का, ते विचारायचं राहिलं.

११ मे

मशीन आलं. अंगदभाऊजींचंच जेसीबी — लांबचे दीर लागतात, गावात काहीही खणायचं तर तेच खणतात. तालुक्याचे इंजिनिअर साहेब नारळ फोडायला आले होते. पाच मिनिटं थांबले, पण एक गोष्ट नीट सांगून गेले : 'काळी माती संपली की थांबा. खाली मुरूम लागला की बादली उचलायची. त्याच्याखाली जायचं नाही.' मी हे वाक्य पाठ केलं. शाळेत कविता पाठ केली नसेल एवढं.

ट्रॅक्टरची रांग थेट मारुतीपर्यंत. ज्यानं त्यानं आपल्या रानात गाळ टाकायचा. मोठी मजा आहे! ही माती आपल्याच रानातून वाहत वाहत तळ्यात आली. तेव्हा एकानंही धुऱ्याला, रानाच्या बांधाला, चार दगड लावले नाहीत, उलट दरसाल धुरा कोरून एक ओळ जास्त पेरली. आता तीच माती फुकट मिळते म्हणून मारामारी! घरी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तर म्हणाल्या, 'फुकटचं म्हणलं की इख बी दोन घास जास्ती खातील.'

१९ मे

पूर्वेच्या कोपऱ्यात काळी संपली. खाली पिवळा मुरूम दिसायला लागला. मी हात आडवा करून मशीनसमोर उभी राहिले. अंगदभाऊजी वरून ओरडले, 'वहिनी, बाजूला व्हा, डिझेल जळून राहिलं!'

'काळी संपली. थांबा.'

'सरपंचाला विचारा.'

सरपंचाला विचारलं. अमृतरावांचं म्हणणं, देवीच्या माळाच्या रस्त्याला मुरूम लागतो, बाहेरून आणण्यापरीस इथंच हाय की आयता. 'आन् खोल गेलं तर पाणी जास्तीच साचंल. साधा हिशेब हाय, बाई!'

मी म्हणाले, 'मामा, गडव्याचं बूड खरवडून गडवा मोठा होत नाही. भोक पडतं.' अख्खी पाळ हसली. मला वाटलं पटलं. पटलं नव्हतं. नुसतं आवडलं होतं.

२० मे

भाकर खायला घरी गेले तेवढ्यात त्या कोपऱ्यात पुरुषभर खड्डा! मुरमाच्या ट्रॉल्या माळावर रिकाम्या. आल्यावर अंगदभाऊजी मशीनखाली झोपलेले. झोपलेल्या माणसाशी काय भांडायचं? तरी भांडले.

२३ मे

मुखेडला तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आले. साहेब नांदेडला मीटिंगला. टेबलावरची पोरगी म्हणाली अर्ज द्या. अर्ज दिला. सही लई झाक केली!

३० मे

पुन्हा मुखेड. साहेब लातूरला. मला वाटतं साहेब गाडीतच राहतात.

१४ जून

काम बंद झालं, पाऊस लागला, पेरण्या सुरू. आता तळ्याकडे बघायला कुणाला सवड नाही. मलाही नाही. गाळ टाकलेल्या पट्ट्यात सोयाबीन वर आलं की बघत राहावं असं. आमचे हे रोज एक फेरी मारून येतात आणि जणू स्वतःच उगवलेत अशा तोऱ्यात मिशीला ताव देतात.

३ सप्टेंबर

तळं भरलं! ऐन पोळ्याला असा बरसला की बैलांची मिरवणूक निम्म्यावरून परत. रंगवलेली शिंगं धुऊन निघाली, बैल निळ्या-गुलाबी ओघळांनी घरी आले. आज सकाळी उघडल्यावर सगळं गाव पाळीवर. सांडव्यावरून पाणी चाललं होतं. एवढं पाणी मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. रडले. हो, रडले. कुणी बघितलं असेल तर असो.

आत्याबाईंना मोटरसायकलवर बसवून आणलं ह्यांनी. त्यांनी डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघून घेतलं. मग म्हणाल्या, 'आता माज करू नका म्हणावं.'

८ सप्टेंबर

जलपूजन! मांडव, माईक, तालुक्याचे पुढारी. पाण्यात साडीचोळी सोडली, नारळ सोडले. अंगदभाऊजींना फेटा, अमृतरावांना फेटा, पुढाऱ्यांना दोन-दोन फेटे. माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी स्वयंपाक्याला मसालेभाताचं मीठ सांगत होते. धावत गेले तोवर पुढच्याचं नाव घेतलं. बॅनरवर फोटो आहे माझा. खाली उजवीकडे. जरा वाकून बघितलं की दिसतो.

जाऊ दे. पाणी आहे ना? फोटो प्यायचा नाही.

१५ सप्टेंबर

विहिरीच्या कठड्याला मी चुन्यानं रेघ मारली होती. पाणी त्या रेघेखाली हातभर गेलंय. पाऊस मध्ये झाला, ओढा चालूच आहे, तरी उतरतंय. ऊन पडलं म्हणून असेल.

१९ सप्टेंबर

ऊन नाही. आभाळ आहे. पाणी अजून उतरलं.

ह्यांना दाखवलं तर म्हणाले, 'तू रोज बघतीस म्हणून तसं वाटतंय. दुधाकडं बघत बसलं की उतू जात न्हाई, तसं.' अहो, दुधाचं उलट आहे! इथे बघत बसलं तरी जातंय!

२१ सप्टेंबर

चोरून मोटारी लावत असतील म्हणून पाळीभोवती फिरले. दोन सापडल्या. एक अमृतरावांच्या मेहुण्याची, एक माझ्या चुलत दिराची. दोघांशी भांडले, दोन्ही काढल्या. घरी आल्यावर चुलत जाऊ वाट अडवून, 'आता विरजण मागायला येऊ नको.' नाही येणार!

२३ सप्टेंबर

मोटारी काढून दोन दिवस झाले, पाणी उतरतंच आहे. आज नीट बसून राहिले काठावर. वारा नव्हता. तरी तळ्यावरचा काडीकचरा, जलपूजनाची फुलं, सगळं हळूहळू एकाच बाजूला सरकत होतं. पूर्वेच्या कोपऱ्याकडे. त्या खड्ड्याकडे.

तिथेच बसून स्वतःशी म्हणत राहिले — काळी संपली की थांबा, काळी संपली की थांबा. राग कुणाचा करू? मशीनसमोरून घरी जेवायला गेले, माझाच करते.

२४ सप्टेंबर

साहेब सापडले! जागेवर! चहा पीत होते. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'ताई, तुमचा पाझर तलाव आहे. पाझर तलाव पाझरणारच. पाणी जमिनीतच चाललंय ना? मग चांगलंच आहे.'

चांगलं आहे! गावाची विहीर तळ गाठायला निघाली आणि चांगलं आहे! मी म्हणाले, 'पावसाळा संपता संपता टँकर लागेल साहेब आम्हाला.' तर म्हणे, 'टँकरचा विभाग वेगळा.' मी उठले. चहा आणला होता माझ्यासाठी, तो तसाच ठेवून आले. मुखेडहून आमच्या कोळदऱ्यापर्यंत एसटीत तोंड वाकडं करून बसले, शेजारच्या बाईनं पोटात दुखतंय का म्हणून ओव्याची पुडी दिली.

२७ सप्टेंबर

सोयाबीन काढणीला आलंय आणि केवळाबाई येत नाही! पाळीखालच्या वस्तीवरची, वर्षानुवर्षं आमच्या रानात खुरपणं-काढणी तीच करते, चार बाया घेऊन येते. निरोप पाठवला तर उलटा निरोप — 'औंदा जमत न्हाई.' का जमत नाही? कुणी सांगेना. जास्त रोज पाहिजे असेल, दुसरं काय. शेंगा फुटायला लागल्या. मी, हे आणि आत्याबाई, तिघं विळे घेऊन वाकलो. आत्याबाईंची कंबर धरली.

माणसंही फिरली, पाणीही.

२९ सप्टेंबर

आज मोटारीनं हवा ओढली. नळाला फुसफुस आवाज आणि लालसर पाणी. पावसाळा अजून पुरता गेला नाही हो!

मारुतीच्या पारावर चर्चा. एक म्हणतो देवीच्या रस्त्याला तळं खणलं, देवी रागावली. दुसरा म्हणतो बाई अध्यक्ष केली की हे असं. अमृतराव म्हणाले, 'होळीपर्यंत ठेवते म्हणाल्या होत्या ना राजकन्याबाई? विचारा त्यांना.' विचारलं! खरंच, चौघं दारात आले विचारायला. हे घरात होते, बाहेर आले नाहीत. नंतर म्हणाले, 'मी काय बोलणार होतो?' तेच तर! काहीही बोलायचं होतं.

३० सप्टेंबर

आत्याबाई कंबर शेकत पडल्या होत्या. मी रागात सगळं सांगत होते. त्या मध्येच म्हणाल्या, 'मग त्याला बूड लावा की.'

'कशानं?'

'आमच्या धाब्याच्या घरावर चिखल कशानं करायचो? काळी माती, पाणी, आन् तुडवायचं. न्हाई तुडवली तर माती पाणी धरत न्हाई, तुडवली तर घागरीवानी धरती. खड्ड्यात पाणी थोडं हाय तवर माती टाका, म्हशी घाला. लई शहाणे झालेत, इंजिनेर बोलावतेत.'

इंजिनिअरला बोलावणारी कोण, ते त्यांना माहीत होतं. पण बरोबर आहे! तळं आता सरकत सरकत त्या खड्ड्यापाशीच आलंय. हीच वेळ आहे.

२ ऑक्टोबर

माती कुठून? ज्यांनी गाळ नेला, त्यांच्याकडून परत. दारोदार फिरले. कोण देणार?

'पसरला की आता रानात.' — 'त्याच्यात हरभरा घ्यायचाय.' — 'आमी कमीच नेला होता, ज्यानं जास्त नेला त्याला मागा.' — 'दिला असता वहिनी, पण पोरगा न्हाई घरी.' पोराच्या परवानगीशिवाय माती देता येत नाही, हे मला नवीनच!

एका घरी तर बाईनं दार उघडून मला बघून परत लावलं. माती मागायला आले होते, मुलगी नाही!

३ ऑक्टोबर

भांडण. घरात. मी म्हणाले, पहिली ट्रॉली आपल्या रानातून जाईल. हे म्हणाले, 'आपल्याच? सोन्यासारखा पट्टा झालाय तो.' होय, आपल्याच. आपण नाही दिली तर मी दुसऱ्याच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू? 'गावानं खड्डा करायचा आन् आपण भरायचा?' — असं बराच वेळ. शेवटी मी टोपलं घेऊन एकटीच निघाले. धुऱ्यापर्यंत गेले असेन, मागून ट्रॅक्टर लावल्याचा आवाज आला. तोंड दिवसभर फुगलेलं. पण माती भरू लागले. उकरताना माझाही जीव कळवळला, खोटं कशाला लिहू.

४ ऑक्टोबर

आमची ट्रॉली बघून अंगदभाऊजी आले. उभे राहिले. तंबाखू मळली. म्हणाले, 'वहिनी, खड्डा मीच केला. भरतो बी मीच. पर जलपूजनाच्या फेट्यावरनं तुमी मला सारखे टोमणे मारू नका.' मी कबूल केलं. त्यांच्या ट्रॅक्टरमागून आणखी पाच-सहा आले. गावाला लाज वाटायला आधी एक माणूस लागतो. अमृतरावांनीही पाठवली माती. निम्मे दगड होते तिच्यात, पण पाठवली.

८ ऑक्टोबर

आज म्हशी घातल्या. असा दिवस मी विसरणार नाही.

खड्ड्यात पाणी गुडघ्याएवढं. माती चार दिवस टाकत होतो, ती फुगून लगदा झाली होती. गावातल्या म्हशी हाकून आणल्या. पहिल्यांदा उतरायला तयार नव्हत्या — आणि एकदा उतरल्या तर निघायला तयार नाहीत! तिथेच फतकल मारून बसल्या. अरे, बसायला नाही आणलं तुम्हाला! मागून काठ्या, पुढून पेंढ्या. शेवटी अंगदभाऊजी धोतर खोचून आत, पाठोपाठ पोरं, मग बाया. मी पण उतरले. लुगड्याचा काष्टा मारला, लाज गुंडाळून ठेवली. नुसतं तुडवायचं. पोटऱ्या भरून येतात, पाय निघत नाही, निघाला की फस्स करून आवाज. कुणीतरी भलरी म्हणायला लागलं. चुलत जाऊ कधी येऊन शेजारी तुडवायला लागली मला कळलंच नाही. एकदा मी घसरले, तिनं दंड धरला.

अमृतराव पाळीवर छत्री घेऊन उभे होते. 'पूर्वेकडं अजून तुडवा, तिकडं पोकळ हाय.' ह्यांनी वर बघून म्हटलं, 'मामा, छत्री ठेवून या की खाली!' आमचे हे म्हणाले हे! सगळ्यांसमोर! मला इतका आनंद झाला की मी चिखल उडवला त्यांच्यावर.

आता पाय शेकते आहे. नखांतली काळी निघत नाही.

११ ऑक्टोबर

खड्ड्यातलं पाणी जिथल्या तिथे. काडी टाकली, काडी जागेवर.

उद्या दसरा. पण नुसतं गुडघाभर पाणी धरून काय करायचं? पाऊस पाहिजे. आभाळ कोरं. देवा, आता थट्टा नको.

२० ऑक्टोबर

परतीचा पाऊस! तीन दिवस! लोकांचं कापलेलं सोयाबीन भिजलं, शिव्या चालल्यात आभाळाला. मी तोंडानं शिव्या देते आणि मनातून हात जोडते. तळं अर्ध्याच्या वर आलं. कुणाला सांगणार, की मला आनंद झालाय?

२ नोव्हेंबर

पाडवा. विहिरीच्या कठड्यावर नवीन रेघ मारली होती. पाणी रेघेला चिकटून! ओवाळणीला बसलेल्या ह्यांना उठवून नेऊन दाखवलं. म्हणाले, 'आधी ओवाळ तरी.'

नळाला रोज पाणी. चुलत जाऊ स्वतः फराळाचं ताट घेऊन आली, वर विरजणाची वाटी. 'लागंल तवा ये,' म्हणाली.

पारावरून जाताना अमृतरावांनी हाक मारली, 'या अध्यक्षबाई.' कुणी हसलं नाही. मी वाट बघितली, पण कुणीच हसलं नाही.

१४ नोव्हेंबर

दहा दिवस जरा बरे गेले की लगेच! आज ग्रामसभेत विषय काय, तर तळ्यावर मोटारी लावायची परवानगी. 'पाणी टिकलंय तर ऊस लावू या की!' ऊस! ज्या तळ्याला महिनाभरापूर्वी बूड नव्हतं, त्याच्यावर ऊस! मी म्हणाले, माझ्या मढ्यावरून मोटार न्या. अमृतराव म्हणाले, 'बाई, पाणी काय बघत बसायला साठवलंय का?' घसा बसेपर्यंत बोलले. अंगदभाऊजी माझ्या बाजूनं उभे राहिले, म्हणून होळीपर्यंत विषय पुढे ढकलला. ढकलला फक्त. ह्या लोकांना तहान लागेपर्यंत विहीर आठवत नाही आणि तहान भागली की विहीर दिसत नाही.

तरी सांगते, खालून थेंब जात नाही आता. वरून कोण नेतंय तेवढंच बघायचं. एवढं मी करू शकते.

२२ नोव्हेंबर

केवळाबाई आली कामावर. हरभऱ्याच्या खुरपणीला. मी सुगीचा राग काढून घेतला — 'ऐन कामात तोंड फिरवलंस की गं.' ती हसली नुसती, खुरपं घेऊन वाकली. रोजही जास्त मागितला नाही. मग आली का नाही तेव्हा? असो. आत्याबाईंची कंबर वाचली.

११ डिसेंबर

कठड्यावरची रेघ अजून ओलीच. बघायला उदगीरकडच्या दोन गावांची माणसं आली होती. त्यांच्या पाझर तलावातही गाळ काढल्यापासून पाणी ठरत नाही म्हणे. अंगदभाऊजींनी म्हशींचं सगळं रंगवून सांगितलं. मी त्यांना मातीचं सांगितलं — काळीच पाहिजे, दगड नको, आणि तुडवायचा कंटाळा करू नका. मुखेडच्या साहेबांनाही घेऊन यावं आणि दाखवावं वाटतंय — बघा, पाझरत नाही!

२८ डिसेंबर

ताक-ज्वारीची आंबील आंबायला घातली. रानात कडब्याची कोप बांधून झाली. परवा येळवस, रानात जेवायची वेळा अमावस्या, ह्या वेळी सगळ्यांना बोलावलंय. जेवायला माणसं असली की येळवस. केवळाबाईच्या वस्तीवरही निरोप दिला.

३० डिसेंबर

येळवस. कोपीत पांडवांची, पाच दगडांची पूजा झाली, ह्यांनी रानाभोवती आंबील शिंपडली. पंगतीला बाजरीचे उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आणि केवळाबाई माझ्या शेजारी. आंबिलाचा दुसरा गडू घेताना ती सहज म्हणाली, 'औंदा आमच्या वस्तीवरल्या आडाला पाणी आलतं, माय. पोळ्यानंतर. माझं लगीन झाल्यापासून पहिल्यांदा. वरच्यावर, हातानं घागर बुडत होती. मेथी टाकली, टमाटे लावले मी घरामागं. म्हणून तर सुगीला आले न्हाई तुमच्याकडं.'

'मग?'

'दसऱ्यापासून उतराय लागलं. दिवाळीला कोरडं. टमाटे वाळले.' तिनं उंडा मोडला. 'एवढा पाऊस पडला नंतर. कुठं गेलं असंल वो पाणी?'

मी तिला अजून भज्जी वाढली.